सापडलेलं मूल, बालगृह आणि आपण: पहिल्यांदाच मदतीला निघालेल्यांसाठी

देवळाच्या पायरीवर, एसटी स्टँडच्या बाकड्यावर नाहीतर उसाच्या फडाच्या कडेला तान्हं मूल सापडलं की दोन दिवस गावभर हळहळ होते. कुणी त्या न पाहिलेल्या आईला शिव्या घालतं, कुणी "मला द्या, मी सांभाळतो" म्हणत दवाखान्याच्या दारात उभं राहतं. तिसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. मुलाचा प्रवास मात्र तेव्हा कुठे सुरू झालेला असतो: दवाखाना, पोलीस, बालकल्याण समिती (मूल कुठे राहील ते ठरवणारी जिल्ह्याची समिती), शिशुगृह आणि मग दत्तक घर, किंवा अठरा वर्षांपर्यंत बालगृह.

या प्रवासात मध्येच कुठेतरी आपल्यासारखी माणसं येतात. कुणाला मूल सापडतं, कुणी वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जातं, कुणाला शिकवायचं असतं, कुणाला दत्तक घ्यायचं असतं. मन सगळ्यांचं चांगलं असतं, पण माहितीअभावी मुलाचं नुकसान होतं. म्हणून क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर ठरतो. मुलाला हवं असतं ते कुटुंब. आधी त्याचं स्वतःचं, ते शक्यच नसेल तर दुसरं. बालगृह हा त्या दोन्हींच्या मधला मुक्काम आहे. आपली मदत हा मुक्काम लांबवते आहे की संपवते आहे, हे दर वेळी स्वतःला विचारायचं.

मूल सापडलं तर पहिला तास

नवजात बाळ असेल तर पहिला शत्रू थंडी. भर उन्हाळ्यातही उघड्यावरचं बाळ पहाटे गार पडतं. ओलं फडकं काढा, कोरड्या कपड्यात गुंडाळा, डोकं झाका आणि बाळाला छातीशी धरा. तुमच्या अंगाची ऊब त्या वेळी सर्वात कामाची. अंघोळ घालू नका, अंगावरचा पांढरा थर खरवडू नका. मध, साखरपाणी, गाईचं दूध, काहीही तोंडात घालू नका. पहिली भूक डॉक्टरांना पाहू द्या. नाळ तशीच असेल तर घरातल्या सुरीने किंवा ब्लेडने कापायला जाऊ नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचा सरकारी दवाखाना गाठा.

निघण्यापूर्वी एवढं करा: बाळ नेमकं कुठे होतं, किती वाजता दिसलं, अंगावर काय होतं, जवळ पिशवी, दुपटं, चिठ्ठी, काळा दोरा, बांगडी असं काही होतं का, हे लिहून ठेवा. वस्तू धुऊ नका, टाकू नका. पुढे कदाचित त्यावरूनच आईचा माग लागतो. आणि काही वर्षांनी हेच मूल "मी कुठून आलो" म्हणून विचारू लागलं, तर त्याच्या हाती देण्यासारखं तेवढंच असतं.

फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. हेतू आईवडील शोधण्याचा असला तरीही नको. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पालकांच्या शोधासाठी वर्तमानपत्रात फोटोसह माहिती द्यायची असते, पण ते काम बालकल्याण समितीच्या आदेशाने होतं. तुमच्या गटात फिरलेला फोटो ते मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत फिरत राहतो.

मूल मोठं असेल, समजा चार-पाच वर्षांचं, तर गर्दी हटवा. दहा जणांनी दहा वेळा नाव विचारलं की मूल गप्प होतं किंवा समोरच्याला हवं ते उत्तर देतं. कुणीतरी एकानेच, शक्यतो बाईने, खाली बसून बोलावं. त्याची भाषा ओळखायचा प्रयत्न करा. मराठीतही बोली महत्त्वाची. मुलाच्या एखाद्या शब्दावरून ते खानदेशातलं की कोकणातलं हे कळतं आणि शोधाचा परीघ लगेच लहान होतो.

१०९८, पोलीस आणि चोवीस तास

१०९८ हा मुलांच्या मदतीचा देशभरचा मोफत क्रमांक. आधी तो स्वयंसेवी संस्थांमार्फत चालायचा. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांकडे आला आणि ११२ या तातडीच्या सेवेशी जोडला गेला. कुठल्याही फोनवरून लावा, रात्री दोनलाही. नाही लागला तर थेट पोलीस ठाणं. कायद्याने तुम्ही १०९८, पोलीस, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा नोंदणीकृत बालगृह यांपैकी कुणालाही कळवू शकता, पण चोवीस तासांच्या आत. प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात. न कळवता मूल घरी ठेवणं हा कलम ३३ खालचा गुन्हा आहे.

पोलीस ठाण्यात गेलात तर नोंद झाल्याखेरीज निघू नका. ठाणे दैनंदिनीतला नोंद क्रमांक आणि ड्युटीवरच्या अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याला बोलवायला सांगा. मूल ठाण्यात रात्रभर ठेवायचं नसतं. समितीची बैठक नसेल तर समितीच्या एकट्या सदस्यापुढेही मुलाला हजर करता येतं आणि तो सदस्य तात्पुरत्या निवाऱ्याचा आदेश देऊ शकतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सापडलेलं मूल सोमवारपर्यंत नुसतं इकडून तिकडे फिरतं. तुम्हाला माहीत असलं तर तुम्ही शांतपणे आठवण करून देऊ शकता.

"आम्हीच ठेवून घेतो की"

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच वळणावर होतो.

मूल सापडल्याची बातमी पसरली की दवाखान्यात निपुत्रिक जोडपी येऊ लागतात. कुणी नर्सच्या ओळखीतलं, कुणी सरपंचांच्या नात्यातलं. त्यांची तळमळ खरी असते. बारा-पंधरा वर्षं नवस आणि उपचार करून थकलेली माणसं असतात ती. डॉक्टरांनाही वाटतं, चांगलं घर आहे, कशाला संस्थेत पाठवायचं? मग स्टॅम्पपेपर येतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि बाळ घरी जातं.

हे करू नका आणि होऊ देऊ नका. सापडलेलं मूल परस्पर कुणाला द्यायचा अधिकार ना डॉक्टरांना आहे, ना पोलिसांना, ना ज्याला ते सापडलं त्याला. तो नोटरीचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. पाच-सहा वर्षांनी शाळेच्या दाखल्यावरून, मालमत्तेच्या वादातून किंवा कुणाच्या तरी तक्रारीवरून प्रकरण उघडलं, की ज्यांना मूल आईबाबा म्हणतं त्यांच्याच घरातून ते समितीपुढे आणलं जातं. त्या दिवशी त्या मुलाचं जे होतं ते बघवत नाही. शिवाय परस्पर दत्तक देण्याघेण्याला कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे घेऊन मूल दिलं तर ती कलम ८१ खाली विक्री ठरते आणि त्यात दवाखान्याचा माणूस असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं.

दुसरंही कारण आहे. रीतसर नोंदणी करून हजारो जोडपी क्रमाने थांबलेली आहेत. त्यांच्या घरी जाऊन सामाजिक कार्यकर्त्याने चौकशी केलेली आहे, त्यांचं आरोग्य, उत्पन्न, स्वभाव पाहिलेला आहे. आपल्या ओळखीतलं घर चांगलं असेलही, पण ते कुणी तपासलेलं नसतं. मुलं राबवून घेण्यासाठी नेल्याची उदाहरणं अशाच ओळखींतून घडलेली आहेत. त्या जोडप्याला प्रेमाने समजावा आणि दत्तक नोंदणी कशी करायची ते सांगा. त्याविषयी पुढे लिहिलं आहेच.

आईविषयी

पुण्यात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते विधवांना गुपचूप, सुरक्षित बाळंत होता यावं म्हणून. काशीबाई या विधवेच्या तिथेच जन्मलेल्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ साली बालकाश्रम सुरू केला; यात्रेच्या गावी सोडून दिलेल्या अर्भकांसाठी तो होता. दीडशे वर्षांपूर्वी या माणसांना कळलं होतं की मुलाला वाचवायचं तर आईला गुन्हेगार ठरवून चालत नाही. आजही मूल सोडून जाणाऱ्यांत लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुली, बलात्कारातून दिवस गेलेल्या मुली, नवऱ्याने टाकलेल्या बायका दिसतात.

कायदाही हे मान्य करतो. परिस्थितीच आवाक्याबाहेर गेल्यामुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून सोडलं असं मानू नये, असं कलम ७५ चं परंतुक सांगतं. आणि मूल उघड्यावर सोडायची वेळच येऊ नये म्हणून कलम ३५ चा मार्ग आहे. आई किंवा आईवडील बालकल्याण समितीपुढे येऊन मूल रीतसर सुपूर्द करू शकतात. समिती समुपदेशन करते, नाव गुप्त ठेवते आणि फेरविचाराला दोन महिने देते. या दोन महिन्यांत आईला मूल परत नेता येतं. अनेक दत्तक संस्थांच्या दारात पाळणाही असतो. तिथे ठेवलेल्या बाळाला निदान कुत्र्यामांजरांची आणि थंडीची भीती नसते.

तुम्ही आशाताई असाल, शिक्षिका असाल, हॉस्टेलच्या रेक्टर असाल, तर हा भाग पाठ असू द्या. घाबरलेल्या मुलीला आठव्या महिन्यात हे सांगणारं कुणी भेटलं, तर नवव्या महिन्यातला उकिरडा टळतो.

समितीपुढे गेल्यावर काय होतं

प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते: एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे अधिकार असतात. महिन्याला किमान वीस दिवस बैठक व्हायला हवी. मूल कुठे राहील, कुणाकडे जाईल, हे समितीच ठरवते. बालगृहाचे अधीक्षक ठरवत नाहीत आणि देणगीदार तर नाहीच नाही.

सहा वर्षांखालचं अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल विशेष दत्तक संस्थेत ठेवतात. बोलण्यात आपण तिला शिशुगृह म्हणतो. मोठी मुलं बालगृहात जातात. मग परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल देतो. पालक सापडले नाहीत तर समिती मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करते: दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत, त्याहून मोठ्याबाबत चार महिन्यांत. या कामातले लोक एवढंच विचारतात, "मूल लीगली फ्री झालं का?" सगळं अडतं ते इथे. अहवाल येत नाही, समितीवर सदस्य नेमलेले नसतात, दुसऱ्या जिल्ह्याचं उत्तर येत नाही. कागद एका टेबलावर पडून राहतो आणि मूल तिकडे मोठं होत जातं.

मूल मोठं होणं म्हणजे काय, हे रुमानियात फार काळजीपूर्वक पाहिलं गेलं. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांची अवस्था जगासमोर आली. पुढे बुखारेस्टमध्ये संस्थेतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून प्रशिक्षित पालक कुटुंबांत पाठवली गेली आणि सगळ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धी, भाषा, माणसाशी जवळीक अशा कितीतरी बाबतींत पुढे राहिली आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा फायदा बहुतेक बाबतींत जास्त होता. संस्थेत ताटात जेवण असतं, अंगावर कपडा असतो. पण रात्री रडल्यावर रोज तेच एक माणूस उचलून घेईल, याची खात्री पाळीने काम करणारी मावशी देऊ शकत नाही. ती कितीही मायाळू असो, तिची ड्युटी संपते.

बालगृहात जाण्याआधी काय तपासावं

नवखा देणगीदार पहिली चूक करतो ती इथे. पाटीवर "अनाथाश्रम" लिहिलेलं असतं, भिंतीवर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र असतं आणि माणसाला वाटतं, झालं. ते प्रमाणपत्र न्यासाचं. मुलं ठेवण्याची परवानगी वेगळी. ती बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली मिळते, पाच वर्षांसाठी असते आणि पुन्हा नूतनीकरण लागतं. ती नसताना मुलं ठेवणं हा गुन्हा आहे. म्हणून पहिला प्रश्न: "कलम ४१ चं प्रमाणपत्र पाहू का? मुदत कधीपर्यंत आहे?" चांगले अधीक्षक या प्रश्नाने रागावत नाहीत. शंका असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

दुसरा प्रश्न: "सगळ्या मुलांचे समितीचे आदेश आहेत का?" दर जून महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून "शिकवायला" म्हणून मुलं आणून खोल्यांत भरणारे लोक आहेत. त्यांना मुलांचा आकडा दाखवून देणग्या हव्या असतात. समितीच्या आदेशाशिवाय ठेवलेली मुलं दिसली तर १०९८ ला कळवा. तुमचं नाव गुप्त राहतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: "गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली?" आपल्याकडच्या बालगृहांतली बहुसंख्य मुलं दोन्ही पालक गेलेली नसतातच. आई असते, ती ऊसतोडीला जाते किंवा धुणीभांडी करते. वडील दारूत गेलेले असतात. अनाथांपेक्षा एकल पालकांची मुलं कितीतरी जास्त, हे केंद्र सरकारने केलेल्या देशव्यापी पाहणीतही दिसलं. जी संस्था या आयांना भेटीसाठी बोलावते, दिवाळीला मुलांना घरी पाठवते, घर सावरलं की मूल परत करते, ती संस्था आपलं काम ओळखते. जिथे मुलांचा आकडा वाढण्याचा अभिमान सांगितला जातो, तिथे सावध राहा.

जागाही पाहा. नियमांत झोपण्याच्या खोलीत प्रत्येक मुलामागे चाळीस चौरस फूट जागा आणि सात मुलांमागे एक संडास धरलेला आहे. तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडतं? मुलांची समिती आहे का? प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा तयार आहे का? आराखड्यातला मजकूर मागू नका, तो गोपनीय असतो. तो आहे की नाही एवढंच विचारा. आणि मुलांकडे पाहा. नवं माणूस दिसताच मुलं धावत येऊन गळ्यात पडली, की पाहुणे भारावून जातात. खरं तर तीन-चार वर्षांचं मूल अनोळखी माणसाला असं बिलगतं तेव्हा त्याला स्वतःचं माणूस नाही, असाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो.

प्रमाणपत्र असलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं बालिकागृह सरकारी अनुदानावर चालत होतं. तिथल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या चमूने निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं तेव्हा. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. कायद्याने तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी भेट द्यायची असते. तशी भेट शेवटची कधी झाली, हे विचारायचा नागरिक म्हणून तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काय द्यावं

आधी फोन करा आणि यादी मागा. दिवाळीच्या आठवड्यात बालगृहात फराळाचे डबे ठेवायला जागा नसते, १५ ऑगस्टला एकाच सकाळी चार ठिकाणचे पेढे येतात, आणि जुलैत सॅनिटरी पॅड, खरजेचं मलम, पावसाळी चपला यांना पैसे नसतात. सरकारी अनुदान उशिरा येतं, ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे. तेव्हा सगळ्यांत उपयोगी देणगी म्हणजे ठरलेल्या रकमेची, दर महिन्याची. विजेचं बिल, गणिताच्या शिकवणीची फी, एका जास्तीच्या काळजीवाहक मावशीचा पगार. यांत फोटो काढण्यासारखं काही नाही, पण रात्रीच्या पाळीला एक मावशी वाढली, की आजारी मूल एकटं कण्हत पडत नाही. पैसे संस्थेच्या खात्यावरच द्या आणि पावती घ्या.

जुने कपडे द्यायचे तर धुतलेले, बटणं असलेले, आपल्या भाच्याला देऊ असेच. आणि वाढदिवस. आपल्या मुलाला तिथे नेऊन केक कापायचा, बालगृहातल्या मुलांनी रांगेत टाळ्या वाजवायच्या, मग त्यांना एकेक पाकीट द्यायचं आणि फोटो स्टेटसला लावायचा, ही पद्धत आता थांबायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मुलाला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही त्याला दर आठवड्याला दुसऱ्याचा वाढदिवस साजरा करावा लागतो. पुण्यतिथीचं जेवण द्यायचं असेल तर स्वयंपाकघरात शिधा पोहोचवा. मुलांना हात जोडून प्रार्थना म्हणायला लावू नका.

वेळ द्यायचा असेल तर

वर्षभर, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणं जमणार असेल तरच मुलांमध्ये जा. तीन आठवडे येऊन नाहीसा होणारा दादा किंवा ताई त्या मुलांसाठी आणखी एक सोडून गेलेलं माणूस ठरतं. तेवढं जमत नसेल तर हिशेब, दुरुस्ती, दवाखान्याची ने-आण, कागदपत्रं ही कामं घ्या. त्यांची गरज कधी संपत नाही.

संस्थेने तुमच्याकडे पोलीस पडताळणी मागितली तर आनंदाने द्या. न मागता मुलांपाशी सोडलं, तर त्या संस्थेची काळजी वाटायला हवी. मुलाशी बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, परस्पर मोबाइल किंवा पैसे द्यायचे नाहीत, "तुझे आईबाबा कुठे आहेत" हे विचारायचं नाही, "तुला घरी घेऊन जाईन" असं गंमतीतसुद्धा बोलायचं नाही. मूल ते वाक्य घेऊन महिनोन्महिने फाटकापाशी उभं राहतं. कुठल्या मुलाने छळाबद्दल काही सांगितलं, तर शांतपणे ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका आणि पोलिसांना किंवा १०९८ ला कळवा. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे. संस्थेची बदनामी होईल हे कारण चालत नाही.

मूल घरीच राहावं म्हणून

एखादी विधवा बाई "पोरीला कुठल्यातरी आश्रमात टाकायचंय, ओळख आहे का" म्हणून तुमच्याकडे आली, तर आश्रमाचा पत्ता देण्याआधी बालसंगोपन योजना सांगा. महाराष्ट्रात ही योजना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. अनाथ, एक पालक असलेल्या, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेल्या मुलांना घरी किंवा नातेवाइकांकडे राहूनच दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे दरमहा ४००० रुपये मिळू शकतात. त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजार आहे.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात. बरोबर साधारण एवढं न्यावं लागतं: मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मृत पालकाचा मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, मुलासह पालकाचा फोटो. फाईल अडते ती बहुधा मृत्यूच्या दाखल्यावर किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावर. त्या बाईबरोबर तहसील कचेरीत दोन हेलपाटे घालणं, ही मला वाटतं कुणाही नवख्या माणसाला करता येईल अशी सर्वांत मोठी मदत. त्यातून एक मूल बालगृहात जायचंच टळतं.

दत्तक आणि प्रतिपालकत्व

दत्तकाची नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, संकेतस्थळावर होते. दलाल लागत नाही. कुणी पैसे मागितले तर तक्रार करा. नोंदणीनंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन गृहअध्ययन अहवाल तयार करतो आणि ज्येष्ठतेनुसार मूल सुचवलं जातं. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि मुलात व पालकात किमान पंचवीस वर्षांचं अंतर हवं. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी घेता येते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही काराची वाट चुकत नाही. फक्त त्यांना आपल्या देशातल्या अधिकृत संस्थेमार्फत यावं लागतं. गोव्यात आणि बेळगावातही कायदा हाच.

तान्ह्या, निरोगी बाळासाठी रांग फार लांब आहे. सहा-सात वर्षांची मुलं, भावंडं, काही व्यंग असलेली मुलं मात्र शिशुगृहात आणि बालगृहात वाट पाहत असतात. मन तयार असेल तर त्यांचा विचार करा. त्यासाठी समुपदेशकाशी मोकळेपणी बोला, भीती लपवू नका.

दत्तक शक्य नसेल तर प्रतिपालकत्व आहे. सहा वर्षांवरच्या मुलाला समितीच्या आदेशाने ठरावीक काळ आपल्या घरी सांभाळायचं. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही ते करता येतं आणि मूल मुक्त घोषित झालेलं असेल तर दोन वर्षांनी तेच कुटुंब दत्तकासाठी पुढे येऊ शकतं. महाराष्ट्रात या वाटेने जाणारी घरं अजून फार थोडी आहेत. बालगृहात दहा वर्षं काढण्यापेक्षा सातव्या वर्षी मिळालेलं असं घर कितीतरी बरं.

अठरा पूर्ण झाल्यावर

अठराव्या वाढदिवसाला बालगृहाचा आदेश संपतो. पुढे अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या निवासात, एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत राहता येतं. पण जागा कमी आणि माहिती त्याहून कमी. मतिमंद आणि बहुविकलांग अनाथांचा प्रश्न याहून कठीण. अठरानंतर त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अशा मुलांचं बालगृह चालवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी वर्षानुवर्षं लावून धरला आणि आपल्याकडच्या मुलांना स्वतःचं आडनाव दिलं.

धडधाकट मुलामुलींचं मुख्य दुखणं कागदांचं असतं. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. त्यामागे अमृता करवंदे या तरुणीचा लढा होता. पण त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायला समितीचे आदेश, प्रवेशाच्या नोंदी, शाळेचा दाखला लागतो. संस्था सोडताना हे कागद हाती पडले नाहीत तर नंतर मिळवणं जिकिरीचं होतं, संस्था बंद पडली असेल तर फारच.

म्हणून ओळखीतलं कुणी मूल सतराव्या वर्षात असेल, तर आत्ताच फाईल करायला बसा: आधार आणि त्याच्याशी जोडलेला स्वतःचा मोबाइल क्रमांक, जन्माचा पुरावा, समितीच्या आदेशांच्या प्रती, अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज, अधिवास दाखला, बँक खातं, मतदार नोंदणी, रक्तगटासह वैद्यकीय नोंदी. सगळ्याच्या दोन प्रती काढा आणि मूळ कागद मुलाच्याच ताब्यात राहू द्या. मग भाड्याची खोली. डिपॉझिटचे पैसे जमतात, पण घरमालक विचारतो, "ओळखीचं कोण आहे?" तिथे स्वतःचं नाव आणि नंबर द्या, आणि रात्री फोन आला तर उचला.